नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठावर एक रात्र तंबूत काढायची आहे, कुठं थांबावं?

काळीमाती (जालना)

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लेकरांना सुट्टी आहे. मोठी आठवीत, धाकटा चौथीत. मोठीला वर्षभरापासून पक्ष्यांचा नाद लागलाय. गच्चीवर बसून वही भरते, आणि आता तिला जायकवाडीचे हंस बघायचेत. धाकट्याचं म्हणणं एकच, रात्री तंबूत झोपायचं. चार जणांचा तंबू घरात आहे. सोबत सासूबाई येणार. त्यांना पैठणला संत एकनाथांच्या समाधीचं दर्शन घ्यायचंय, पण गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही.

सकाळी जालन्याहून निघायचं, अंबड-पाचोडवरून पैठण, दुपारी दर्शन, संध्याकाळी पाण्याच्या कडेला तंबू, दुसऱ्या दिवशी पक्षी बघून परत, असं डोक्यात आहे. धरणाच्या बॅकवॉटरला कडेला तंबू लावू देतात का? परवानगी कुणाची लागते? धरणाच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या वाळूत पोरं तंबू ठोकून राहतात, त्याचे फोटो बघितलेत. ते कुटुंबाला जमण्यासारखं आहे का? थंडी किती असेल? आणि बायकांच्या सोयीचं काय, हेही कुणीतरी स्पष्ट सांगा. फोटोत तेवढंच दिसत नाही.

बुलेटवारी

ताई, बिनधास्त जा. आम्ही मित्र दरवर्षी जातो. धरणाच्या खाली पात्रात वाळू मस्त सपाट आहे. लाकडं गोळा करायची, शेकोटी पेटवायची, पैठणहून मासे तळून घ्यायचे. कुणी अडवत नाही की विचारत नाही. बॅकवॉटरला वारं जास्त लागतं, खाली पात्रात आडोसा मिळतो.

गेजपट्टी (पैठण)

ताई, माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पाण्याच्या पातळीची नोंद घ्यायची, वर कळवायची, हेच काम. निवृत्तीनंतरही सकाळचा फेरा काठावरच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे पाणी कसलं आहे ते समजून घ्या, म्हणजे थांबायचं कुठं ते आपोआप कळेल. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. मातीची भिंत जवळपास दहा किलोमीटर, दरवाजे २७. पूर्ण भरलं की साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, आणि पाणी पसरतं साधारण ३५० चौरस किलोमीटरवर. आता भागाकार करून बघा. सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच्या आत येते. एवढं अफाट पाणी, पण उथळ. कोयनेसारखं डोंगरांच्या कुशीत दाबून बसलेलं नाही, सपाट काळ्या रानावर पसरलेलं आहे. शंभरावर गावं याच्या पोटात गेली. पातळी फूटभर उतरली की काठ कितीतरी लांब सरकतो आणि मागं ओल्या गाळाचं रान उघडं पडतं. त्याच गाळात शेतकरी गाळपेरा करतात, हरभरा आणि गहू. आणि त्याच गाळासाठी, त्याच हरभऱ्यासाठी तुमच्या लेकीचे पक्षी येतात.

म्हणजे जी जागा तुम्हाला तंबूला चांगली वाटणार, पाण्याला लागून, सपाट, मोकळी, तीच त्यांची बसायची जागा. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. पांढरं डोकं, मागं दोन काळे आडवे पट्टे, लेकीला लगेच ओळखू येतील. दुपारभर ते पाण्याच्या कडेला उघड्यावर बसून असतात, चारी बाजूंनी दूरवर दिसेल अशा ठिकाणी. दिवस मावळला की थवेच्या थवे उठतात आणि शेतात चरायला जातात, पहाटे परततात. चक्रवाक, तलवार बदक, चांदवे असे बाकीचे पाणपक्षी सगळे काठाला नाहीतर काठाजवळच्या पाण्यात रात्र काढतात. तिथं आपण टॉर्च मारली, गाणी लावली, शेकोटी पेटवली, की अख्खा काठ अंधारात उडतो. हजारो कोस उडून आलेल्या जिवाला रात्री पुन्हा उडवायचं, हे मला पटत नाही. इथं राहून मी ते पुष्कळदा बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

कायदाही तेच म्हणतो. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, ३४१ चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, आग लावणं तर गुन्हाच. कुणी अडवलं नाही याचा अर्थ चालतं असा नव्हे. दिवसा पक्षी बघायला जायचं तरी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात आधी फोन करून विचारा, तिथली माणसं नीट सांगतात. धरणाच्या भिंतीवर मात्र जायचं मनात आणू नका, तिथं परवानगीशिवाय सोडत नाहीत.

म्हणून माझं सांगणं असं की दिवस काठावर घालवा आणि रात्र काठापासून आत, उंचावरच्या एखाद्या शेतात. आमच्याकडचे शेतकरी नाही म्हणत नाहीत. गावात जाऊन, ओळख सांगून, चार पैसे ठरवून विचारायचं. विहीर जवळ असावी, घर हाकेच्या अंतरावर असावं. तुमच्या बायकांच्या सोयीचा प्रश्न तिथंच सुटतो, कारण घर असलं की संडास असतो. उघड्या काठावर तो कधीच सुटत नाही.

तंबू लावताना काळ्या मातीचं लक्षात ठेवा. डिसेंबरात वरून कोरडी, भेगाळलेली दिसते, खुंटी सर्रकन आत जाते, आणि वारं सुटलं की तितक्याच सहज वर येते. लांब खुंट्या घ्या, तिरप्या ठोका, वर दगड ठेवा. बांधावर किंवा मुरमाड जागेवर लागला तर सगळ्यात चांगलं. कडब्याच्या गंजीजवळ लावू नका. गंजीत उंदीर आणि उंदरामागं साप. थंडीत साप कमी फिरतात, पण मण्यार रात्रीचीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तंबूची चेन पूर्ण लावून झोपा, चपला आत घ्या.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठात काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली गेलाय, आणि इथं पाण्याची ओल आहे. खाली जाड सतरंजी, तिच्यावर वाकळ, मग पांघरूण. सगळे एकच चूक करतात, थंडी वाजते म्हणून तंबूच्या खिडक्या गच्च बंद करतात. मग श्वासाची वाफ आतून कापडाला धरते आणि पहाटे अंगावर टपटप गळते. वरची खिडकी बोटभर उघडी ठेवा.

आता लेकीसाठी. पहाटे साडेसहाच्या आत काठावर पोचा, सोनेवाडीच्या बाजूला. धुकं असेल तर दिसणार काही नाही पण ऐकू येईल. शेतांकडून परतणाऱ्या हंसांचा आवाज आधी येतो, नाकातून काढल्यासारखा, आं-आं, मग धुक्यातून रांग उतरते. पाय पुढं करतात, पंख उलटे मारतात, आणि पाण्यावर बसताच सगळे एकदम गप्प होतात. लाल-पिवळे कपडे नकोत, मातकट घालायला सांगा. काठाच्या अलीकडंच बांधाआड बसा, चालून जवळ जाऊ नका. दुर्बीण असली की जवळ जायची गरज नाही. आठनंतर ऊन वर आलं की नदी सुरय पक्षी मासे धरताना दिसतील, वरून दगडासारखा सरळ पाण्यात. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मात्र डिसेंबरात दिसतीलच असं नाही. ते गाळ चांगला उघडा पडल्यावर येतात, जानेवारी-फेब्रुवारीत. लेकीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती हिरमुसणार नाही.

हुरडा_गेवराई

गेजपट्टी काकांनी सगळं बरोबर सांगितलं. मी त्यात थोडं घालते. आमचं शेत शहागडच्या अलीकडं, गोदावरीपासून फार लांब नाही. आमच्याकडं गेल्या काही हिवाळ्यांत पाहुणे राहायला यायलेत. मुक्कामासाठी शेतात विचारताना सरळ विचारा, संडासात पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, रात्री तिथपर्यंत उजेड आहे का. आमच्या बाया आधी लाजतात, मग रात्रभर पाणी पीत नाहीत. त्यातून दुखणी होतात. पहिल्याच फोनवर विचारलेलं बरं.

तुमच्या सासूबाईंसाठी औषधाच्या मोठ्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, घडी होणारी. देशी संडासावर ती बसते. आणि त्यांना तंबूत झोपवू नका. तंबूतून उठायचं म्हणजे आधी गुडघ्यावर यावं लागतं. घराच्या ओसरीवर खाट टाकून द्या, त्यांना लेकरांचा तंबू समोर दिसेल एवढं पुरे.

जेवणाचं म्हणाल तर डिसेंबरच्या शेवटी काही ठिकाणी हुरडा निघायला लागतो, बाकी सगळीकडं जानेवारीत. ज्वारी कधी पेरली त्यावर आहे. लवकरची असेल तर सकाळी गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजून हातावर चोळून गरम गरम द्यायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. लेकरांना हुरडा पोटभर देऊ नका आणि वरून लगेच पाणी पाजू नका, पोट फुगतं. शेकोटी हवीच असेल तर ती अशी शेतात, शेतकऱ्याच्या नजरेखाली, पाण्याची बादली बाजूला ठेवून. कडब्यापासून लांब.

बुलेटवारी

पक्ष्यांचं मान्य आहे काका. पण ते वरच्या अंगाला. मी तर खालच्या पात्राबद्दल बोललो होतो. तिथं अभयारण्य नाही, आणि डिसेंबरात पूर कुठून येणार? आभाळ कोरडं असतं.

गेजपट्टी (पैठण)

बेटा, बरं झालं विचारलंस. हे सगळ्यांनी वाचावं.

पैठणचं आभाळ बघून गोदावरीचा अंदाज बांधता येत नाही. पावसाळ्यात पाऊस पडतो नाशिकच्या डोंगरात, गंगापूर आणि दारणा धरणांच्या वर. तिथून नांदूर मधमेश्वरचा बंधारा, मग आमच्याकडं. पैठणला कडक ऊन असताना नाथसागर भरत असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पातळी १५२२ फुटांच्या पूर्ण संचयाकडं सरकली की दरवाजे उचलावे लागतात, आणि वरून येणारं पाणी वाढलं तर रात्रीही उचलतात. तेव्हा निदान भोंगा वाजतो, काठच्या गावांना निरोप जातो, दवंडी होते. २००६ मध्ये पैठणच्या गल्ल्यांत पाणी शिरलं होतं, ते ज्यांनी बघितलं ते अजून विसरलेले नाहीत.

डिसेंबरची गोष्ट वेगळी, पण सुरक्षित नाही. धरणाच्या पायथ्याला १२ मेगावॉटचं वीजघर आहे, त्यातून पाणी पात्रात येतं. खाली आपेगाव, हिरडपुरीचे बंधारे आहेत, त्यांच्यासाठी पाणी सोडावं लागतं. त्याला आभाळ लागत नाही, कार्यालयातला आदेश लागतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. हजार क्युसेक ऐकायला थोडं वाटतं, पण ते सेकंदाला २८ हजार लिटर झालं. तुझ्या सपाट वाळूवर ते पाणी लाटेसारखं येत नाही, आवाज करत नाही. आधी वाळू खालून ओलावते, मग तंबूच्या मागच्या खोलगट भागात पाणी भरतं. तू नदीकडं तोंड करून बसलेला असतोस आणि काठाकडं जायची वाट तुझ्या पाठीमागं बंद झालेली असते. झोपेत असलास तर काहीच कळत नाही.

पुढच्या वेळी दिवसा गेलास की काठावरच्या बाभळी बघ. फांद्यांत काडीकचरा, प्लास्टिकच्या पिशव्या, वाळलेलं गवत अडकलेलं असतं. ते वाऱ्यानं आलेलं नाही, पाण्यानं ठेवलेलं आहे. पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं असतं. दगडांवर शेवाळाची हिरवट रेघ बघ, तिच्या खालची जागा अजूनही अधूनमधून भिजते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाळूचे खड्डे. उपशानं पात्रात जागोजागी पुरुषभर, दोन पुरुष खोल खड्डे झालेत. वरून पाणी सारखंच दिसतं. गुडघाभर पाण्यात चालणारं पोर पुढच्या पावलाला बुडतं, आणि खड्ड्याची कड वाळूची असल्यानं हाताला धरायला काही मिळत नाही, धरलं की ढासळतं. पोहता येणारी पोरंही यात गेलीत. तू मित्रांना घेऊन जातोस, त्यातल्या प्रत्येकाची आई घरी असते. म्हणून एवढं लिहिलं. राग मानू नकोस.

बुलेटवारी

राग कशाचा काका. खड्ड्यांचं खरंच डोक्यात नव्हतं. यंदा काठावरच्या मळ्यात विचारतो, तिथले एक मामा ओळखीचे झालेत.

किनवटकर

थोडं वेगळं सांगतो. नुसतं एका दिवसासाठी नदी बघायची असेल आणि पावसाळ्यानंतर लगेच निघता येत असेल, तर आमच्याकडं सहस्रकुंडला या. पैनगंगा तिथं काळ्या खडकावरून खाली पडते, अलीकडं आमचा नांदेड जिल्हा, पलीकडं यवतमाळचं उमरखेड. मुदखेड-आदिलाबाद लाईनवर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर बघण्यासारखं असतं, डिसेंबरला धार बारीक होते. वर ईसापूर धरण आहे, त्याचं पाणी सुटलं तरच पुन्हा जोर येतो. म्हणजे काकांनी गोदावरीबद्दल जे सांगितलं ते पैनगंगेलाही लागू, पात्रातल्या खडकांवर फोटोसाठी उतरायचं नाही. खडक ओला नसला तरी त्यावरचं वाळलेलं शेवाळ निसरडं असतं. मुक्काम तिथं करू नका, दिवसाउजेडी परत फिरा.

काळीमाती (जालना)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं लिहिलेलं मोठीनं दोनदा वाचून काढलं आणि पट्टकादंबाचं चित्र वहीत काढून ठेवलंय. आमचं ठरलं ते असं: तंबू शेतात, सासूबाई ओसरीवर, पहाटे सोनेवाडी. वन्यजीव विभागाला सोमवारी फोन करते. दर्शन पहिल्या दुपारी घ्यावं की दुसऱ्या? आणि पाचोडमार्गे रस्ता कसा आहे?

गेजपट्टी (पैठण)

दर्शन दुसऱ्या दिवशी घ्या, पक्षी बघून झाल्यावर. नऊ-साडेनऊपर्यंत काठावरचं सगळं आटपतं, हंस बसून राहतात आणि लेकरांना भूक लागते. समाधी मंदिर गोदावरीच्या काठालाच आहे. आईंसाठी गाडी जास्तीत जास्त जवळ कुठपर्यंत जाते ते तिथं विचारून घ्या. वेळ उरला तर पैठणी विणतात ते माग बघा. पदरावरचा मोर धाग्या-धाग्यानं कसा उतरतो ते मुलीला बघू द्या, तिथं तिची वही भरेल. आणि आपेगावला ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं ठिकाण आहे, फार लांब नाही, आईंना आवडेल.

पहिल्या दिवशी मात्र जालन्याहून लवकर निघा. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. अंबडपासून पुढं रस्त्यावर ट्रॅक्टर असतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. अंधारात ती ट्रॉली अंगावर आल्यावरच दिसते. चारच्या आत शेतावर पोचा, उजेडात तंबू लावा, आणि सहाच्या सुमाराला शेताच्या बांधावरून वर बघत बसा. हंस चरायला निघतात ते तुमच्या डोक्यावरूनच जातील.